मधली जागा

सरांनी स्टेथोस्कोप कानांतून काढून गळ्यात अडकवला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटांनी एक ठेका धरला. आधी तळव्याची ठसठशीत थाप. मग जरा अंतराने नखाच्या दोन टिचक्या, एकीला लागूनच दुसरी. त्यानंतर चारही बोटं दांडीवर घासत नेली, शेवटी जरा जोर वाढवला आणि पुन्हा थाप. पुन्हा तेच. आम्ही सहा-सात विद्यार्थी खाटेभोवती उभे होतो. खाटेवरची बाई 24-25 वर्षांची, पाचवा महिना लागलेला. पाठीशी तीन उश्या. ती त्या बोटांकडे बघत होती.

"हे माझं वाजतंय?" तिनं विचारलं.

"तुमचंच," सर म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "आवाज सगळ्यांनाच ऐकू येतील. तुम्ही मधली जागा ऐका."

गाण्यात आपण 'जागा' म्हणतो, काय जागा घेतली म्हणतो, तेव्हा स्वरांइतकंच स्वरांच्या मधल्या त्या नेमक्या अवकाशाबद्दल बोलत असतो. सरांना गाण्याचा कान होता की नाही, मला ठाऊक नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी एका आजाराचं रसग्रहण कसं करायचं ते शिकवलं. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप आखडणं, ही मी ऐकलेल्या सगळ्या हृदयध्वनींमध्ये सर्वांत बांधीव रचना आहे. आजाराला बांधीव म्हणताना मला संकोच वाटतो, कारण त्या ठेक्याची किंमत कुणीतरी श्वासाने मोजत असतं. तरीही तसं म्हणावं लागतं. ज्याला ती रचना कळते, त्याला त्या माणसाचा दमही कळतो, इतकी ती दोन्ही एकमेकांत विणलेली आहेत.

निरोगी हृदयाचा ठेका सगळ्यांच्या ओळखीचा: लब-डब, लब-डब. 'लब' जरा खालच्या पट्टीतला आणि लांबट, तो वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटतानाचा. 'डब' आखूड आणि टणक, तो हृदयातून बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतानाचा. लबपासून डबपर्यंत हृदय रक्त ढकलतं. डबपासून पुढच्या लबपर्यंत ते भरतं. भरण्याचा हा काळ विसाव्याच्या वेळी जास्त लांब असतो, आणि निरोगी माणसात तो शांत असतो. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की चांगली झडप मिटताना वाजते, उघडताना वाजत नाही. घराचं दारही असंच असतं. उघडताना दार कुरकुरायला लागलं की बिजागरीकडे बघायची वेळ आलेली असते.

ही साधी वाटणारी गोष्ट हाती लागायला बराच काळ गेला. पॅरिसमध्ये रने लाएनेकने 1816 मध्ये कागदाची गुंडाळी करून एका तरुणीच्या छातीला लावली, आणि 1819 मध्ये छातीतल्या आवाजांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो स्वतः बासरी वाजवायचा, लाकडाच्या नळ्या स्वतः कातून घ्यायचा. फुप्फुसांचे आवाज त्याने जवळजवळ अचूक वाचले. हृदयाच्या बाबतीत मात्र त्याची गफलत झाली. दुसरा आवाज हा वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा आहे, असं त्याला वाटलं. कान उत्तम होता, पण समच चुकीच्या ठिकाणी धरली गेली. सम चुकली की पुढचं सगळं आवर्तन सरकतं, आणि भरण्याच्या काळातला आवाज ढकलण्याच्या काळातला वाटायला लागतो. मला लाएनेकची ही चूक फार जिव्हाळ्याची वाटते, कारण स्टेथोस्कोप हाती घेतलेला प्रत्येक विद्यार्थी पहिली काही वर्षं हीच चूक करतो. आमचे सर म्हणूनच एक हात रुग्णाच्या मानेवरच्या नाडीवर ठेवायला लावायचे. नाडी उसळते त्याच्या किंचित आधीचा आवाज तो 'लब'. आधी सम पक्की करा, मग बाकीचं.

मायट्रल झडपेच्या विकाराचा ठेका शब्दांत पकडला तो पॅरिसमधल्याच पॉल-लुई द्यूरोझिए या वैद्याने, 1862 मध्ये. त्याने त्याचे चक्क बोल लिहिले: फुत्-ता-ता-रू. आपल्याकडे तबल्याचा प्रत्येक आघात तोंडाने म्हणता येतो, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटणार नाही. युरोपातल्या एका वैद्यकीय मासिकात मात्र कुणी तरी हृदयाचे बोल छापले, याचा मला अजूनही आनंद होतो. सरांनी दांडीवर वाजवलं ते हेच. आता एकेक बोल घेऊ.

'फुत्' हा पहिला आवाज, आपला लब. या विकारात तो मोठा, कोरडा, थापेसारखा होतो. छातीवर नुसता तळहात ठेवला तरी बोटांना टकटक जाणवते. कारण असं: वरच्या कप्प्यात रक्त तुंबलेलं असतं, त्याच्या दाबाने झडपेची दोन्ही पानं शेवटच्या क्षणापर्यंत खाली लोटलेली, उघडी राहतात. खालचा कप्पा आवळायला लागतो तेव्हा त्यांना लांबून, जोरात येऊन मिटावं लागतं. निरोगी झडपेची पानं तोवर अर्धी जवळ आलेली असतात, ती हलकेच मिटतात. उघडं टाकलेलं दार वाऱ्याने आपटतं आणि लोटून ठेवलेलं नुसतं टेकतं, तसा हा फरक.

'ता-ता' यातली पहिली टिचकी म्हणजे नेहमीचा डब. दुसरी टिचकी म्हणजे त्या झडपेचं उघडणं, जे एरवी ऐकू येत नाही. वॉर्डात याला ओपनिंग स्नॅप म्हणतात. झडपेच्या पानांच्या कडा आजाराने एकमेकींना चिकटलेल्या असतात, पण पानांचं पोट अजून लवचीक असतं. वरच्या दाबाने पानं खाली झेपावतात आणि चिकटलेल्या कडांपाशी एकदम अडतात. वाऱ्याने शीड फुगून ताणलं जावं आणि दोरीला हिसका बसावा, तसा तो आवाज. उंच, टोकदार, तबल्याच्या चाटेवरच्या आघातासारखा.

आणि या दोन टिचक्यांच्या मध्ये सरांची ती जागा.

डब वाजतो तेव्हा खालच्या कप्प्यातला दाब उतरायला लागलेला असतो. उतरत उतरत तो वरच्या कप्प्यातल्या दाबापाशी आला की झडप उघडते. म्हणजे दोन टिचक्यांमधलं अंतर हा त्या उताराचा वेळ. विहिरीत पोहरा सोडल्यासारखं आहे हे. पाणी खोल असेल तर 'डुबुक' उशिरा ऐकू येतं, पाणी वर आलेलं असेल तर लवकर. वरच्या कप्प्यात रक्त जितकं तुंबलेलं, तितकी पातळी वर आणि तितका हा डुबुक लवकर. हे अंतर साधारण 0.04 ते 0.12 सेकंदाचं असतं. ते 0.07 च्या खाली गेलं की दार फार आखडलंय असं समजावं. कानाने सेकंदाचे शंभरावे भाग मोजता येत नाहीत, पण 'ता ता' आणि 'तिट' यांतला फरक कुठल्याही तबलजीच्या मुलाला कळतो. छातीत सुई न घालता, रक्ताचा थेंब न सांडता, हृदयाच्या आतल्या कप्प्यातला दाब दोन टिचक्यांमधल्या शांततेत मोजता येतो! मी हे कितीदा तरी शिकवलंय, आणि दरवेळी सांगताना आवाज चढतो माझा.

नवशिका इथे फसतो, कारण डब कधी कधी आपसूकच दुभंगतो. दोन वाहिन्यांच्या झडपा किंचित मागेपुढे मिटतात आणि श्वास आत घेताना ते अंतर वाढतं. ते दुभंगणं छातीच्या वरच्या भागात, डाव्या बाजूला चांगलं ऐकू येतं. आपली दुसरी टिचकी खालच्या भागात जास्त स्पष्ट. शिवाय रुग्णाला उभं केलं तर वरच्या कप्प्याकडे परतणारं रक्त कमी होतं, पातळी उतरते आणि टिचक्या एकमेकींपासून दूर जातात. एकाच रचनेचा असा पाठभेद करून बघता येतो.

'रू' हा शेवटचा बोल. याचं नाव मर्मर, आणि हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला असला तरी संस्कृतातही मर्मर आहेच, सुकलेल्या पानांच्या सळसळीसाठी. या विकारातला मर्मर मात्र सळसळत नाही, तो घरघरतो. अरुंद फटीतून जोराने जाणाऱ्या रक्ताची ती खळबळ, पण इतक्या खर्जातली की माणसाचा कान जिथे सर्वांत दुबळा आहे नेमकी तिथली. लांबून जाणाऱ्या मालगाडीसारखी. हाताला लागली तर मांजराच्या घुरघुरीसारखी, ही उपमा लाएनेकचीच. ती ऐकण्याची एक रीत आहे. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, म्हणजे हृदयाचं टोक बरगड्यांजवळ येतं. श्वास सोडून थांबायला सांगायचं. स्टेथोस्कोपची वाटीसारखी बाजू कातडीवर नुसती टेकवायची. दाबली की खालची कातडी ताणून पडद्यासारखी होते आणि खर्ज नाहीसा होतो. कितीतरी विद्यार्थी ऐकू येत नाही म्हणून आणखी दाबतात आणि आहे तेही घालवून बसतात.

या घरघरीचा शेवट मला फार आवडतो. बहुतेक भरणं झाल्यावर वरचा कप्पा शेवटी एकदा आवळतो, उरलेलं रक्त लोटतो, आणि त्या नेट लावण्याने घरघर एकदम चढते आणि चढत्या आवाजातच थेट पुढच्या थापेवर येऊन आदळते. मुखडा घेऊन समेवर यावं तसं. सरांची बोटं शेवटी जोर वाढवत होती ती यासाठी.

या घरघरीचा मोठेपणा बघू नये, लांबी बघावी. बारीक अंगाच्या माणसात साधा विकारही दणदणीत वाजतो. उलट हृदय थकून रक्ताचा प्रवाहच मंदावला, तर गंभीर विकारात घरघर जवळजवळ ऐकूच येत नाही. पण फट जितकी लहान, तितका वेळ रक्ताला ओतत राहावं लागतं, म्हणून घरघर लांबत जाते आणि शेवटी मधली सगळी शांतता खाऊन टाकते. पुढे झडपेत चुना साचून ती दगडासारखी झाली की थापही मऊ पडते आणि टिचकीही जाते. आजार वाढतो तशी रचना विरत जाते.

इथवर आवाज झाला. आता ती बाई.

ती रोज दोन लोकल बदलून एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला जायची. स्टेशनचा पूल चढताना मधल्या टप्प्यावर थांबायची आणि कुणाला कळू नये म्हणून पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करायची. हे लग्नाआधीपासून चाललेलं. दिवस गेल्यावर दम वाढला, तेव्हा घरी सगळे म्हणाले, पोटात बाळ आहे, दम लागणारच. मग रात्री आडवं पडलं की कोंडल्यासारखं व्हायला लागलं. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. एका पहाटे ती खिडकीशी उभी राहून श्वास ओढत होती, खोकल्यातून गुलाबी फेस आला, तेव्हा तिला आणलं.

यातली प्रत्येक गोष्ट त्या ठेक्यात लिहिलेली होती. त्या झडपेची निरोगी फट 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असते. ती 1.5 किंवा त्याहून कमी झाली की विकार गंभीर धरतात. 1 चौरस सेंटिमीटरपाशी आली, की शांत बसल्यावरही पुरेसं रक्त पलीकडे जायला वरच्या कप्प्यातला दाब पाऱ्याच्या 25 मिलिमीटरांच्या आसपास चढवावा लागतो. आणि साधारण तेवढ्या दाबालाच फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतलं पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपायला लागतं. सदऱ्याच्या काजाएवढी फट, आणि तिच्या मागे दोन्ही फुप्फुसं तुंबलेली.

पण हा आजार जितका जागेचा, तितकाच वेळेचा आहे. रक्त त्या फटीतून फक्त डब ते लब या काळात जाऊ शकतं. मिनिटाला 60 ठोके असतील तर मिनिटातली सुमारे 40 सेकंदं भरण्यासाठी मिळतात. ठोके 120 झाले की तीसेक सेकंदंही धड मिळत नाहीत, कारण ठोका आखूड होताना ढकलण्याचा काळ फारसा कमी होत नाही, कात्री लागते ती विसाव्याला. बरं, दाबाचा हिशेबही सरळ नाही. रिचर्ड गॉर्लिन आणि त्याचे वडील सॅम्युएल यांनी 1951 मध्ये मांडलेल्या सूत्रातून दिसतं की प्रवाह दुप्पट करायचा तर फटीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक चौपट लागतो. म्हणून ताप आला, धावपळ झाली, धसका बसला की ही माणसं बघता बघता धापा टाकायला लागतात. आणि गरोदरपणात रक्त जवळजवळ दीडपट होतं, शिवाय नाडीही वाढते. मर्मर नीट ऐकू यावा म्हणून आम्ही एरवी रुग्णाला चार उठाबशा काढायला सांगतो. तिच्या बाबतीत पोटातल्या जिवाने ते काम आधीच केलेलं होतं.

म्हणूनच अशा रुग्णाला ठोके मंद करणारं औषध दिलं जातं. त्याने दार तसूभरही रुंद होत नाही. फक्त लय विलंबित होते आणि त्या विलंबितात बिचाऱ्या रक्ताला पलीकडे जायला सवड मिळते. एरवी एवढ्या साध्या गोळीने माणूस तासाभरात शांत झोपलेला बघणं, हे वैद्यकातलं मोठं समाधान आहे.

कधी वरचा कप्पा ताणून ताणून इतका मोठा होतो की त्याची लयच सुटते. नुसता थरथरत राहतो. मग ते शेवटचं आवळणं नाही, मुखडा नाही, थाप कधी लवकर कधी उशिरा, कशीही येते. अशा हृदयात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर तिशीतल्या माणसाची एक बाजू लुळी पडते. लय बिघडणं हे इथे अलंकारिक बोलणं राहत नाही.

दुसरी एक आखडणारी झडप म्हणजे महारोहिणीच्या तोंडाशी असलेली, एऑर्टिक. तिचा मर्मर अगदी वेगळ्या घराण्याचा. लब आणि डबच्या मध्ये, खरखरीत, चढून उतरणारा, मानेपर्यंत पोहोचणारा. विकार वाढला की त्याचं शिखर उशिरा येतं आणि डब मवाळ होत जातो. तिथली माणसं चालताना छातीत दुखल्याचं सांगतात, घेरी येऊन पडतात. तो मर्मर कुणालाही ऐकू येतो, म्हणून असेल, माझं मन त्यात तेवढं रमत नाही.

मायट्रलचं मात्र ऐकूनही फार काळ चुकीचं वाचन झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे मोठे हृदयवैद्य म्हणत, झडपेचं काही नाही, खरा दोष थकलेल्या स्नायूचा. इलियट कटलरने 1923 मध्ये बॉस्टनमध्ये 12 वर्षांच्या एका मुलीची झडप सुरीने मोकळी केली. ती जगली, पण पुढचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. 1925 मध्ये लंडनमध्ये हेन्री सूटरने एका तरुणीच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यातून थेट बोट आत घालून ती फट चाचपली आणि रुंद केली. ती बरी होऊन घरी गेली. त्यानंतर कुठल्याही वैद्याने त्याच्याकडे या आजाराचा दुसरा रुग्ण पाठवला नाही. पुढची 23 वर्षं गेली आणि 1948 च्या जूनमध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली आणि बॉस्टनमध्ये ड्वाइट हार्कन यांनी हीच वाट पुन्हा उघडली. त्या तेवीस वर्षांत किती खिडक्यांशी किती बायका श्वास ओढत उभ्या राहिल्या असतील, हे मनात आल्यावाचून राहत नाही. बायका म्हणतो, कारण या विकाराच्या रुग्णांत दर तिघांत दोघी असतात.

हा आजार सुरू होतो लहानपणीच्या घशाच्या दुखण्यातून. स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग, मग सांधे सुजून येणारा संधिवाती ताप, आणि त्या तापात शरीर जंतूशी लढता लढता आपल्याच झडपांवर उलटतं. पाश्चात्त्य देशांत झडप आखडायला वीस-तीस वर्षं लागत. आपल्याकडे ती शाळकरी वयातच आखडलेली दिसते, हे दिल्लीच्या एम्समधल्या सुजॉय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. दाटीवाटीची घरं, पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग, आणि वेळेवर न मिळालेलं पेनिसिलिन. दर तीन आठवड्यांनी कमरेत घेतलेलं एक दुखरं इंजेक्शन पुढचे वार थांबवू शकतं. खाटेवरच्या त्या बाईच्या आईला आठवत होतं, नवव्या वर्षी मुलीचे गुडघे सुजले होते. एक महिना इंजेक्शनं घेतली, सूज उतरली, मग बंद केली.

तिच्यासाठी उपाय होता तो फुग्याचा. कांजी इनोए या जपानी शल्यविशारदाने मायट्रल झडपेसाठी बनवलेला फुगा 1984 मध्ये जगासमोर आला. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयात न्यायची, उजव्या-डाव्या वरच्या कप्प्यांमधला पडदा सुईने भेदायचा, फुगा झडपेत बसवून काही क्षण फुगवायचा. चिकटलेल्या कडा शिवणीवर उसवाव्यात तशा सुटतात. तिला फुगा घातला तेव्हा पोटाला शिशाचं कापड गुंडाळलेलं होतं. पडद्यावर वरच्या कप्प्यातल्या दाबाची रेषा आमच्यादेखत खाली बसली आणि ती टेबलावर झोपल्या झोपल्याच म्हणाली, "हलकं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला एकट्याला बोलावून ऐकायला लावलं. डाव्या कुशीवर वळली. श्वास सोडून थांबली. थाप अजून ठसठशीत होती. पण दुसरी टिचकी पहिलीपासून लांब गेली होती, इतकी की आता 'ता' आणि 'ता' वेगवेगळे म्हणता येत होते. मागून घरघर आली ती आखूड, मध्येच थांबणारी. आणि तिच्यानंतर, पुढच्या थापेआधी, काहीच वाजत नव्हतं. मी ते काहीच न वाजणं चार-पाच ठोके ऐकत राहिलो.

"अजून वाजतंय का?" तिनं विचारलं.

"थोडं वाजतंय," मी म्हणालो.

तिच्या पाठीशी एकच उशी होती.